भोंग्यावर कोण बोलणार

५ ऑगस्ट १९८०

आज पंचायतीनं गावचा रेडिओ दूध सोसायटीला देऊन टाकला. रेडिओ, अँप्लिफायर, माइक आणि चावडीच्या कौलांवरचा भोंगा, सगळंच. सरपंच म्हणाले, सारखा बिघडतोय, आम्हाला दुसरी कामं आहेत, सोसायटी दुरुस्त करून वापरायला तयार आहे. मला कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं रोज संध्याकाळी तो मी लावतो, पावसाळ्यात गळक्या कौलाखालून मी हलवतो, पोरांना काठी घेऊन मी हाकलतो, आणि विचारलं कुणाला, तर कोंडाजीला. कोंडाजी सोसायटीचा चेअरमन. त्याला माइक कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नाही.

संध्याकाळी त्यानंच बोलावून सांगितलं की तात्या, बोलायचं तुम्हीच. फक्त बाजारभावाच्या आधी दुधाचं सांगत जा, गाडी कधी येणार, जनावरांचा डॉक्टर कधी येणार. मी बरं म्हटलं. घरी आल्यावर राग आला. ज्या माइकवरनं मी लढाईच्या बातम्या सांगितल्या, निवडणुकीचे निकाल सांगितले, त्याच्यावर आता गाई कधी फळवायच्या ते सांगू? पण माइक माझ्याकडंच राहिला. तेवढं एक बरं झालं.

हे सगळं कुणाशी बोलायचं म्हणून ही वही लिहायला घेतली. रत्नाबाई म्हणजे माझी बायको, ती नुसती हूं म्हणते. आई खाटेवर पडून असते, तिला ऐकू चांगलं येतं पण ती गप्प बस म्हणते. भुकूमच्या साडूला एकदा सांगायला गेलो तर तो हसला. वहीला काय, ऐकून घ्यावंच लागतं.

२३ ऑक्टोबर १९८०

सोसायटीत नवीन माणूस घेतलं. माणूस म्हणजे पोरगी. बौद्धवाडीतल्या भिकाजीची प्रभावती. भिकाजी खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालाय, पोरीला दहावी करून वर कसलासा कोर्स दिलाय. दुधाची फॅट मोजायची, वहीत मांडायचं, एवढं तिचं काम. चावडीच्याच अर्ध्या खोलीत टेबल टाकलंय, म्हणजे माझ्या माइकशेजारी. मला म्हणाली, तात्या, हे बटण कशाचं? मी म्हटलं, तुझ्या उपयोगाचं नाही. नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं, पण तिनं यायच्या दिवशीच बटणाला हात लावायचा काय संबंध?

२ डिसेंबर १९८०

मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला उरवड्याला दोन दिवस राहिलो आणि इकडं घोटाळा झाला. काल सकाळी दुधाची गाडी येणार नव्हती, ते सांगायला कुणी नव्हतं, तर कोंडाजीनं प्रभावतीला माइकवर बसवलं. आज येतो तर पाणवठ्यावर तेच, दुकानात तेच, एसटीच्या थांब्यावर तेच. काय बोलली म्हणे पोरगी. दुकानातल्या कुशाबानं मला ते म्हणूनसुद्धा दाखवलं: "ऐका गं बायांनो, आज गाडी न्हाई. दूध घिऊन येऊ नगा, घरीच इरजण लावा, लेकरांना ताक तरी मिळंल."

आता ही काय बोलण्याची पद्धत झाली? माइकवर हाय-न्हाई बोलतात होय? मीसुद्धा घरात हाय-न्हाईच बोलतो, पण माइकसमोर बसलो की आहे, नाही, आहेत. पुणे केंद्राचे निवेदक ऐकून ऐकून मी ते गळ्यात बसवलंय. मी असतो तर म्हणालो असतो, ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, काही अपरिहार्य कारणास्तव आज दूधसंकलन होणार नाही. याला म्हणतात घोषणा.

कुशाबा हसत हसत म्हणाला की अपरिहार्य म्हणजे काय ते आजवर ठाऊक नाही आपल्याला. मी विड्या न घेताच निघून आलो.

५ डिसेंबर १९८०

आता सकाळी ती बोलणार, संध्याकाळी मी. कोंडाजीनं ठरवलं. मला म्हणाला, तुमचाच भार हलका होईल. भार मी कधी म्हटला होता?

१८ जानेवारी १९८१

सोसायटीनं दुसरा भोंगा आणला. जुन्याचं तोंड पौड रस्त्याकडं आहे. तो मीच तसा लावून घेतला होता, कारण येणारी-जाणारी माणसं, एसटीतले लोक, साहेबलोक सगळे त्या रस्त्यानं जातात, त्यांना कळावं की या गावात काही आहे. प्रभावतीनं कोंडाजीला सांगितलं की खालच्या आळीला आणि बौद्धवाडीला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मग नवा भोंगा तिकडं तोंड करून बसवला. त्याचं बटण वेगळं आहे.

मी संध्याकाळी फक्त जुनं बटण लावतो. नवा भोंगा तिनं आणवला ना, मग तिनंच वाजवावा. माझा आवाज अकरा वर्षं एका भोंग्यानं गेला, पुढंही जाईल.

३ फेब्रुवारी १९८१

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

जेवताना रत्नाबाईला विचारलं की माझं चांगलं वाटतं का तिचं. म्हणाली, तिचं. मी म्हटलं, का? तर म्हणाली की ती बोलते ते ऐकू तरी येतं. मग सगळं बाहेर पडलं. आमचं घर खालच्या आळीला, म्हणजे जुन्या भोंग्याच्या पाठीमागं. मी लग्न करून आणलेल्या बायकोला अकरा वर्षं माझं एक वाक्य धड कळलेलं नाही. नुसती घरघर येते म्हणे. मी रोज घरी येऊन विचारायचो, कसं झालं आज, आणि ती म्हणायची, बरं झालं. अकरा वर्षं बरं झालं.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" मी म्हटलं.

"तुमी एवढ्या हौसेनं इचारत व्हता," ती म्हणाली, "कशापायी मोडता घालू?"

मी हात धुऊन बाहेर ओट्यावर बसलो. आतून आई हसत होती. तिलाही ठाऊक होतं. नवं बटण लावलं की हा प्रश्न मिटतो, हे मलाही कळतं. पण आता लावलं तर प्रभावतीचं बरोबर होतं असं होईल. नाही लावणार.

२० फेब्रुवारी १९८१

लावलं. घरी येऊन विचारलं. रत्नाबाई म्हणाली, तलाठ्याची नोटीस वाचल्यागत वाटतं.

९ मार्च १९८१

पोरगी आता घरातसुद्धा येऊ लागली. दूध मोजून झालं की आईजवळ येऊन बसते. आई पूर्वी सुईण होती. बाबांना ते आवडायचं नाही, कुणाच्याही घरी रात्री-बेरात्री उठून जायची. भाऊकीतले लोक बोलायचे. बाबा गेल्यावर मीच तिला बंद करायला लावलं. प्रभावतीला पाहिलं की आईचा चेहरा उजळतो, म्हणते, ही माझ्या हातची, उलटी आली होती, लई छळलं हिनं. मग दोघी हसतात. माझ्यासमोर आई अशी कधी हसल्याचं आठवत नाही.

रत्नाबाईनं तिला चहा दिला तो आमच्याच कपात. मी काही बोललो नाही. पण पाहिलं. मी जातपात मानणारा माणूस नाही, हे कुणीही सांगेल. प्रश्न तो नाही. प्रश्न हा आहे की माझा माइक, माझी बायको, माझी आई, आणि सगळीकडं हीच कशी?

२७ मार्च १९८१

घसा पार बसला. डॉक्टर म्हणतो बोलू नका. चूक माझीच. ती मोठ्यानं न बोलता लांबवर ऐकू जाते, म्हणून मी तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला गेलो. रोज अर्धा तास. शेजारची जनावरं दावणीला ओढ घ्यायला लागली तेव्हा तरी थांबायला पाहिजे होतं. आता आठवडाभर मीठ-पाणी आणि मुकाट्यानं बसणं. संध्याकाळसुद्धा तिच्याकडं गेली.

१ एप्रिल १९८१

सगुणाबाई गेली, पाणवठ्याकडची म्हातारी. माझा घसा बसलेला, म्हणून मयताचं प्रभावतीनं सांगितलं.

मयताचं सांगणं हे माझं खास काम. बाकी कशात कुणी माझ्याहून बरं बोलेल, पण मयताला माझ्याइतकं गंभीर कुणी बोलत नाही. माझी ठरलेली वाक्यं आहेत. आपल्या गावचे प्रतिष्ठित शेतकरी श्रीयुत अमुक यांच्या मातोश्रींना देवाज्ञा झाली आहे, अंत्ययात्रा इतक्या वाजता निघेल, ग्रामस्थांनी नोंद घ्यावी. बायको असली तर सौभाग्यवती, सून असली तर स्नुषा. कुठंही चूक नाही.

ती काय म्हणाली ते मी ओट्यावरच बसून ऐकलं, नव्या भोंग्यानं स्वच्छ ऐकू आलं. म्हणाली: "सगुणाबाई गेली. गावातल्या समद्या पोरींच्या लग्नात जिनं रुखवताचं लाडू वळलं, ती सगुणाबाई. लाडू वळताना गाणी म्हणायची, शेवटचं कडवं कुणाला यायचं न्हाई, तिलाच यायचं. चार वाजता न्यायचं हाय."

बास. एवढंच. आणि गाव लोटलं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाया पार भरे गावाहून चालत आल्या. रत्नाबाई पदर तोंडाला लावून रडत होती, आणि तिचं सगुणाबाईशी कधी पटलं नव्हतं.

माझ्या घोषणेनं असं कुणी रडलं नाही. ग्रामस्थ नोंद घ्यायचे आणि यायचे. मला झोप आली नाही. अंगाची आग आग होत होती. सगुणाबाईच्या मरणानं नव्हे, हे कबूल करतो.

११ मे १९८१

आज आईनं मला बोलावून शेजारी बसवलं. म्हणाली की हैबत, ऐक, मी गेले की प्रभानं बोलायचं. तू नको.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तिनं पुन्हा तेच सांगितलं. म्हणाली की तसंही पोटच्या पोराला बोलायचं नसतं. ते खरं आहे. आमच्याकडं ज्याच्या घरात मयत झालं त्यानं स्वतःच्या तोंडानं गावाला सांगायचं नाही, सांगावा दुसऱ्याच्या तोंडून जायला पाहिजे. म्हणजे मी बोलणारच नव्हतो. पण ते रीत म्हणून. हे वेगळं. ही निवड आहे.

"कोंडाजी बोलला तर?" मी म्हटलं.

"कोंड्याला माझं काय ठावं हाय?" आई म्हणाली. "आन तुला तरी काय ठावं हाय?"

चाळीस वर्षांवर तिच्याजवळ राहिलो. दोन वर्षं तिला हातानं उठवतो-बसवतो. आणि मला काय ठाऊक आहे म्हणे.

१९ मे १९८१

भिकाजीच्या घरी जाऊन आलो. पूर्वी कधी गेलो नव्हतो, जायचं कारण पडलं नाही. नीटनेटकं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, कोनाड्यात ट्रान्झिस्टर. त्यानं खुर्ची दिली. चहा टाकू का म्हणाला, मी म्हटलं आत्ताच घेऊन निघालो.

मी जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, भिकाजीराव, तुमची मुलगी हुशार आहे, मला मुलीसारखी आहे. पण एक मनाला टोचतं म्हणून सांगायला आलो. पूर्वी गावात मयत झालं की गावोगाव सांगावा घेऊन तुमच्या लोकांनाच पळवायचे. उन्हात, पावसात, अनवाणी. तुमच्या वडिलांनी ते केलंय. छप्पन साली तुम्ही धर्म बदलला तेव्हा ते काम पहिलं सोडलं, सगळ्या गावासमोर सांगून सोडलं. लहान होतो पण मला आठवतं. आणि आज तुमचीच मुलगी गावाचं मयत सांगतेय. भोंग्यावर असलं म्हणून काय झालं, काम तेच झालं ना? लोक काय म्हणतील?

भिकाजी म्हणाला, "कोन लोक, हैबतराव?"

मी म्हटलं, लोक.

तो म्हणाला बघतो. मी निघताना दारापर्यंत आला. येताना मला हलकं वाटलं. त्याच्या मानाचाच प्रश्न होता, आणि तो मी त्याच्या ध्यानात आणून दिला. माझ्या जागी दुसरा असता तर गप्प बसला असता.

२२ मे १९८१

प्रभावतीनं माइक सोडला. सोसायटीचं काम करणार, भोंग्यावर बोलणार नाही, सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. कोंडाजी हात जोडत होता, ती नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. माइकच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाली, "तात्या, नव्या भोंग्याचं बटण जरा आत दाबून फिरवायचं. न्हाईतर खरखर येते."

एवढंच बोलली. चिडलेली असती तर बरं वाटलं असतं.

आज दोन्ही वेळा मीच बोललो.

१७ जुलै १९८१

भाताची लावणी चालू आहे, संध्याकाळी चावडीवर कुणी नसतं. लावणी नव्हती तेव्हाही नव्हतं. तरणी पोरं पिरंगुटच्या कारखान्यांतून दमून येतात, त्यांच्याकडं स्वतःचे ट्रान्झिस्टर. बाया सकाळी दूध घालायला येतात त्या प्रभावतीशी हळू आवाजात बोलतात आणि जातात. पूर्वी निरोप द्यायला यायच्या, पुण्याला कोण चाललंय, माझ्या लेकीला सांगा, औषध आणा. मला कुणी निरोप देत नाही. मी एकीला स्वतःहून विचारलं की काही सांगायचंय का, ती म्हणाली नाही भावजी, काही नाही.

३० सप्टेंबर १९८१

साळूबाई गेली. मी ठरवलं की आपणही तसंच बोलायचं, त्यात काय एवढं. तिच्या मुलाला जाऊन विचारलं की तुझ्या आईचं काही सांग. तो म्हणाला, काय सांगू? चांगली होती. मी माइकवर म्हटलं, साळूबाई गेली, ती चांगली होती. पुढं काही सुचेना. बटण चालूच राहिलं आणि मी नुसता श्वास घेतोय तो दोन्ही भोंग्यांतून सगळ्या गावाला ऐकू जात होता. शेवटी म्हटलं, ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.

घरी आलो तर रत्नाबाईनं पाणी दिलं. आईनं भिंतीकडं तोंड केलं होतं. ती हल्ली माझ्याशी थोडंच बोलते. प्रभावती येते, पण मी घरात नसेन तेव्हा. आल्याचं मला कपावरून कळतं.

१४ डिसेंबर १९८१

आई गेली.

१५ ऑगस्ट १९८२

आज सोसायटीनं रेडिओ आणि दोन्ही भोंगे जयसिंगच्या तरुण मंडळाला दिले. गणपती आठवड्यावर आलेत. त्यांनी टेप आणलाय, सकाळपासून सिनेमाची गाणी चालू आहेत, दोन्ही भोंगे लावून. जयसिंग येऊन म्हणाला की तात्या, झेंड्याला दोन शब्द बोला, तुमचा मान आहे. मी नाही म्हटलं. पंचायतीचा रेडिओ बातम्या सांगायचा, सोसायटीचा दुधाचं सांगायचा, आता मंडळाचा गाणी म्हणणार. मयताचं आता कुणीच सांगत नाही. एकमेकांना कळतं.

डिसेंबरपासून वही उघडली नव्हती. त्या दिवसाचं लिहायचं राहिलंय. आज लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

आई दुपारी गेली. पेज घेतली, कूस बदलली आणि गेली. रत्नाबाईनं हाक मारली तेव्हा मी गोठ्यात होतो. शेजारपाजार जमला, कोंडाजी आला. म्हणाला, मी भोंग्यावर दोन शब्द सांगतो, तात्या, काय सांगू? मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, आपल्या गावचे प्रतिष्ठित शेतकरी श्रीयुत हैबतराव यांच्या मातोश्री. माझंच नाव. आईचं नाव त्यात नव्हतं. अकरा-बारा वर्षं मी लोकांच्या आया अशाच पोचवल्या.

रत्नाबाई आईच्या डोक्याशी बसली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "आत्याबाईंनी कुनाला बोलायला सांगितलं व्हतं, ते तुमाला ठावं हाय."

कोंडाजीला काही कळलं नाही. मला कळलं. मी तसाच उठलो. मयताच्या घरातल्या पोरानं उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, भाऊकीतला एक जण आडवा आला, मी त्याला बाजूला केलं. बौद्धवाडीपर्यंत कसा गेलो ते ध्यानात नाही. भिकाजी अंगणात होता. मला पाहिलं आणि त्याला समजलं.

मी म्हटलं, आई गेली, प्रभाला पाठवा. तो म्हणाला, "सांगावा न्यायचं काम आमी छप्पन सालीच सोडलं. तूच याद करून दिली."

अहोजाहो नव्हतं. मला राग आला नाही. मी म्हटलं, मी तुमच्या मानासाठी आलो नव्हतो त्या दिवशी.

"ते मला तवाच कळलं व्हतं," भिकाजी म्हणाला. "पर तू बोललास ते खरं व्हतं. खोटं बोलला असतास तर तुला हाकलून दिला असता. खरं बोललास, म्हणून पोरीला थांबवली. ती आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई."

मी तिथंच खाली बसलो. प्रभावती दारात येऊन उभी होती, केव्हा आली ते दिसलं नाही. डोळे लाल झालेले. बापाकडं न बघता मला म्हणाली, "सांगावा म्हणून न्हाई येत मी. गावाचं कुणाचंच सांगणार न्हाई. आजी माजी व्हती, माज्या माणसाचं सांगीन." मग बापाकडं बघितलं. भिकाजीनं पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर चालायला लागला. चावडीपर्यंत तो तिच्या बाजूनं चालत गेला, मी त्यांच्या मागून.

मी घरी येऊन आईशेजारी बसलो. मग दोन्ही भोंग्यांतून तिचा आवाज आला.

"गोजराबाई गेली. मी प्रभावती बोलतीया. ह्या गावात आता जी तरणी माणसं माझं ऐकत्यात, त्यातल्या लई जणांच्या अंगाला पयला हात गोजराबाईचा लागला. माज्याबी. वरच्या आळीला बोलावलं तरी जायची, खालच्या आळीला बोलावलं तरी जायची. आमच्या वाडीत कुणी पाय ठेवत नव्हतं तवा ती यायची, आन बाळंतीण सुटली की आमच्याच माठातलं पाणी मागून प्यायची. घरी गेल्यावर बोलणी खायची आन पुन्यांदा यायची. तिचं नाव गोजराबाई. पाच वाजता न्यायचं हाय. ज्यांना तिनं जगात आणलं त्यांनी पोचवायला यावं."

त्यांच्या माठातलं पाणी पीत होती, हे मला ठाऊक नव्हतं. बाबा तिला कशावरून बोलायचे ते तेव्हा कळलं. मी तिला कशावरून बंद करायला लावलं तेही.

पाचच्या आत अंगण भरलं, मग गल्ली भरली. बौद्धवाडीतल्या बाया आल्या आणि थेट आत आईपाशी गेल्या. कुणी अडवलं नाही. कारखान्यातली पोरं पाळी सोडून आली. खांदा द्यायला इतके जण होते की मलाच मधनं मधनं बाजूला व्हावं लागत होतं. भिकाजीनं खांदा दिला.

सगळे म्हणतात त्या दिवशी हैबततात्या लई रडला. रडलो. पण भोंग्यातनं आईचं नाव आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पहिल्यांदा पोटात दुखलं. वाटलं, हिला हे सगळं ठाऊक आणि मला नाही, माझी आई आणि हिनं सांगायची. आई समोर पडलेली, आणि मी त्या पोरीवर जळत होतो. रडू नंतर आलं.